हिरव्या द्राक्षाला गुलाबी कुठून सुचतं? सुतळी, झाकणं आणि बेदाणे घेऊन जनुकाची कळ समजून घ्यायची रीत

जानेवारीतली सकाळ होती. दिरांनी दिंडोरीच्या बागेतून एक घड आणला आणि माझ्या ओट्यावर ठेवला. थॉमसनचा घड, चांगला हिरवागार, पण मधेच सात-आठ मणी गुलाबी. "वहिनी, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? मग सांगा. वेल हिरव्या द्राक्षाचा, खत तेच, पाणी तेच. थंडी पडली की ह्याला गुलाबी कुठून सुचतं?"

'पिंक बेरी' हा शब्द नाशिक भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी असं आठवडाभर चाललं की बागायतदार घडांना कागद गुंडाळायच्या मागे लागतात, कारण गुलाबी मणी दिसला की निर्यातीचा माल बाजूला पडतो. प्रश्न साधा होता आणि मी अडकले. कारण वर्षानुवर्षं मी बारावीच्या मुलांना सांगत आले होते की काळ्या द्राक्षात रंगाचं जनुक असतं, हिरव्यात ते नसतं. तसं असतं तर ते गुलाबी मणी आलेच नसते.

मग मी वाचत गेले, आणि वाचलेलं हातांनी करून पाहत गेले. जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी बंद राहायचं हे प्रथिनं आणि डीएनए मिळून कसं ठरवतात, ते आता मी पुढच्या रीतीने शिकवते. दोन रविवार पुरतात. सामान असं: दोन मोठे कांदे, भांडी घासायचं द्रव साबण, मीठ, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, अननसाचा थोडा ताजा रस, सुतळीचा गुंडा, लाल आणि पांढरी जाड लोकर, पाण्याच्या बाटल्यांची दहा-बारा झाकणं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, टाल्कम पावडर, कपड्यांचे चिमटे, फेविकॉल, आणि पावशेर बेदाणे. नाशिकच्या भद्रकाली बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. बेदाणे थोडे जास्तच घ्या, मोजता मोजता संपतात.

पायरी १ : एक काळं द्राक्ष सोला

शरद सीडलेसचा एक मणी घ्या आणि नखाने साल काढा. साल काळी-जांभळी, आतला गर मात्र फिका, हिरवट. सालीतल्या पेशीत आणि गरातल्या पेशीत डीएनए एकच आहे. त्याच गुणसूत्रांच्या १९ जोड्या, तीच सुमारे तीस हजार जनुकं. रंगाची जनुकं गरातही आहेत, मुळातही आहेत, पानातही आहेत. मण्यात ती फक्त सालीत चालू होतात, तीही त्यात पाणी उतरायला लागल्यावर. त्याआधी शरदचा मणीही हिरवाच असतो.

म्हणजे 'जनुक आहे की नाही' हा प्रश्नच चुकीचा. 'जनुकापाशी कोण जमलंय' हा खरा प्रश्न. सोललेला मणी बशीत तसाच ठेवा, शेवटी लागेल.

पायरी २ : कांद्यातून डीएनए काढा, आणि त्यात काय हरवलं ते बघा

द्राक्षातून काढायचा मोह होतो, पण त्यात पाणी फार. कांदा बरा. कांद्याच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे १६ अब्ज अक्षरं (डीएनए ज्यांनी लिहिलेला असतो ती ए, टी, जी, सी ही रासायनिक अक्षरं) असतात, माणसाच्या पाचपट. माल भरपूर, त्यामुळे नवशिक्याच्या हातालाही यश येतं.

अर्धा कांदा बारीक चिरा. १०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे साबण हलक्या हाताने मिसळा, फेस होऊ देऊ नका. त्यात कांदा घालून मिक्सरला दहा सेकंद फिरवा. दहाच. जास्त फिरवलं तर धागे तुटून इतके आखूड होतात की पुढे काही दिसत नाही. मग भांडं गरम पाण्यात (५५ ते ६० अंश, बोट क्षणभरच टिकेल इतकं) दहा मिनिटं ठेवा, नंतर पाच मिनिटं बर्फात, आणि स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. गाळलेलं पाणी दोन पेल्यांत सारखं वाटा. एका पेल्यात चमचाभर अननसाचा रस घालून पाच मिनिटं थांबा. फ्रीजरमध्ये गार केलेलं अल्कोहोल दोन्ही पेल्यांच्या कडेने, भिंतीवरून ओघळेल असं, हळूच सोडा. जवळपास गॅस पेटता नको.

दोन थर दिसतील, आणि मधल्या सीमेवरून पांढरे, लोंबते, शेवयांसारखे धागे वर चढायला लागतील. काडीवर गुंडाळून उचलता येतात. पहिल्यांदा केलं तेव्हा अल्कोहोल गार करायला मी विसरले आणि वरून भसकन ओतलंही. हाती आला फक्त पांढरा गाळ, आणि बत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती.

आता दोन पेले शेजारी धरा. अननसाच्या रसातलं ब्रोमेलेन प्रथिनं कापतं, त्यामुळे त्या पेल्यातले धागे सहसा जास्त स्वच्छ दिसतात. दुसऱ्यात ते जरा गढूळ, गोळे धरलेले. त्या गढूळपणात डीएनएला बिलगून आलेली प्रथिनं आहेत. पाठ्यपुस्तकात डीएनएचं उघडं, गोंडस जिन्यासारखं चित्र असतं. पेशीत तसा उघडा डीएनए शोधून सापडायचा नाही. प्रथिनं धुऊन काढली की जो उरतो, तो स्वच्छ दिसतो खरा, पण कोणतं जनुक चालू होतं आणि कोणतं बंद, ही खबर त्याच्याबरोबर धुऊन गेलेली असते. म्हणून पुढच्या पायऱ्यांत आपण ती प्रथिनं एकेक करून परत बसवणार आहोत.

पायरी ३ : माप ठरवा

एक सेंटीमीटर सुतळी म्हणजे डीएनएची दहा अक्षरं. हे माप मी मुद्दाम निवडलंय. खऱ्या डीएनएचा एक पूर्ण पीळ साधारण साडेदहा अक्षरांत होतो, त्यामुळे एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास एक पीळ. सगळं साधारण ३० लाख पटींनी मोठं झालं.

ह्या मापाने द्राक्षाचा एक संच, सुमारे ५० कोटी अक्षरं, मांडायचा तर ५०० किलोमीटर सुतळी लागेल. नाशिकहून मुंबई, परत नाशिक, पुन्हा मुंबई. प्रत्येक पेशीत असे दोन संच. प्रत्यक्षात त्या दोन्हींची लांबी मिळून फुटपट्टीएवढी, तेहतीस सेंटीमीटरच्या आसपास भरते, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून लहान केंद्रकात मावते. कशी मावते? गुंडाळून.

पायरी ४ : झाकणांवर गुंडाळा, मग पावडर लावा

झाकणाच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. सुतळी त्यावर दीड-पावणेदोन वेढे गुंडाळा, साधारण चौदा-पंधरा सेंटीमीटर लागेल. मग तीन-चार सेंटीमीटर मोकळी सोडा, पुढचं झाकण. दहा झाकणं झाली की माळ तयार.

खऱ्या माळेत झाकणाच्या जागी आठ हिस्टोन प्रथिनांचा गठ्ठा असतो, चार प्रकारची प्रत्येकी दोन. त्यावर १४७ अक्षरं १.६५ वेढ्यांत बसतात. ह्या मण्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही आठाची रचना मांडली. १९९७ मध्ये तिचा बारकाईने टिपलेला स्फटिकातला फोटो आला. आपलं झाकण मापात किंचित मोठं आहे, पण बाटलीचं झाकण फुकट मिळतं.

आता गुंडाळलेल्या सुतळीवर, झाकणाला टेकलेल्या बाजूने, चिमटा लावायचा प्रयत्न करा. (चिमटा म्हणजे ठरावीक अक्षरं ओळखून डीएनएला धरणारं प्रथिन.) लागत नाही. प्रथिनाला जी अक्षरं ओळखायची आहेत ती आत तोंड करून बसली असतील तर दारच बंद. पेशीतली बहुतेक जनुकं बहुतेक वेळ अशीच गुंडाळलेली असतात. 'बंद' ही मुळातली स्थिती. 'चालू' करायला खटपट लागते.

ती खटपट अशी. सुतळी बाजूला करा, बोटावर टाल्कम पावडर घ्या, टेपवरून फिरवा. टेपचा चिकटपणा गेला. सुतळी पुन्हा गुंडाळली तर आता ती सैल राहते, जरा ओढलं की सरकते. पेशीत हे काम ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट करतात. हिस्टोनच्या शेपट्यांवर लायसीन नावाच्या अमिनो आम्लाचा धन भार असतो, डीएनएवर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना धरतात. लायसीनवर ॲसिटिल बसलं की धन भार झाकला जातो, पकड ढिली होते. ही पावडर लावणारी प्रथिनं वेगळी, पुसून पुन्हा चिकट करणारी वेगळी. त्याशिवाय पेशीत इंधन जाळून झाकणंच पुढे-मागे ढकलणारी यंत्रंही असतात. ती हाताने करून दाखवायला फार मजा येते, सुतळी धरा आणि झाकण सरकवा.

हुशार पोर लगेच विचारतं, "मॅडम, दार बंद आहे तर पावडर लावणारा आत आला कसा?" काही थोडी प्रथिनं गुंडाळलेल्या डीएनएवरही, बाहेर दिसणाऱ्या बाजूला, धरून बसू शकतात. ती आधी येतात आणि बाकीच्यांना बोलावतात. लग्नघरी आदल्या रात्री येऊन मांडवाची जागा झाडून ठेवणाऱ्या नातेवाइकांसारखी.

पायरी ५ : चिमट्यांची तोंडं जुळवा

ही माझी लाडकी पायरी, हिला घाई करू नका.

लाल आणि पांढऱ्या लोकरीचे सव्वा-सव्वा मीटरचे दोन धागे एकत्र घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसऱ्यात पेन्सिल अडकवा आणि ताण धरून शंभर-सव्वाशे वेढे द्या. साधारण सेंटीमीटरला एक पीळ पडला पाहिजे. ताण सोडू नका, सोडलात की दोर स्वतःवरच पिळून गुंतवळ होतो. (डीएनएही हेच करतो; तो गुंता सोडवायला पेशीने खास एन्झाइमं ठेवली आहेत.) ताण असतानाच पाणी घातलेला फेविकॉल ब्रशने लावा आणि वाळू द्या. रात्रभर.

दुसऱ्या दिवशी दोर टेबलावर ठेवा. लाल पेड जिथे वर दिसतो तिथे एक चिमटा लावा, तोंड छताकडे. आता बरोबर पंधरा पीळ मोजा आणि लाल पुन्हा वर येईल तिथे दुसरा चिमटा. दोर वाकवून कमान करा आणि दोन्ही चिमट्यांची तोंडं एकमेकांना भिडवा. सहज भिडतात.

आता दुसरा चिमटा काढा आणि अर्धाच पीळ पुढे लावा, अर्ध्या सेंटीमीटरवर. इथे लाल पेड खाली गेलाय, म्हणून चिमटाही खालून लावावा लागतो. पुन्हा कमान करा. तोंडं समोरासमोर येत नाहीत, एक चिमटा पाठमोरा. जुळवायचे तर दोराला अर्धा पीळ जबरदस्तीने द्यावा लागतो, आणि हात काढला की तो झटक्यात परततो. मुलांना मी हे बोलून सांगत नाही, त्यांच्या हातात देते. तो झटका बोटांना कळला की पुढचं काम सोपं.

अर्ध्या सेंटीमीटरने, म्हणजे पाच अक्षरांनी, एवढा फरक! फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ई. कोलाय ह्या जिवाणूत दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांची कळ मांडली. ती कळ दाबून धरणारं प्रथिन चौघांचं मिळून बनलेलं, दोन हातांचं. एका हाताने जनुकाजवळची जागा धरायची, दुसऱ्या हाताने लांबची, मधला डीएनए कमानीसारखा वाकवायचा. पुढे संशोधकांनी अशा दोन जागांमधलं अंतर अक्षरा-अक्षराने वाढवून पाहिलं, तर दाबण्याची ताकद सरळ कमी होत गेली नाही. दर अकरा अक्षरांच्या आसपास ती चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. तुमच्या चिमट्यांसारखीच. अंतर हजारो अक्षरांचं असलं की मात्र ह्या तोंडजुळणीला महत्त्व उरत नाही, लांब दोर कुठेही वळतो.

पायरी ६ : बेदाण्यांचं गणित

एक प्रथिन डीएनएवर बसलं म्हणजे कायमचं चिकटलं असं नाही. बसतं, सुटतं, पुन्हा बसतं. समजा, 'अ' प्रथिन आपल्या जागेवर वेळेच्या फक्त दहा टक्के असतं आणि शेजारचं 'ब'ही तेवढंच. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. मग दोघं एकाच वेळी हजर असण्याची शक्यता किती?

शंभर बेदाणे मोजा. ८१ एका ढिगात: दोन्ही जागा रिकाम्या. ९ दुसऱ्यात: फक्त अ. ९ तिसऱ्यात: फक्त ब. आणि चौथ्या ढिगात एक बेदाणा: दोघंही हजर. जनुक चालू व्हायला दोघं लागत असतील तर शंभरातला एक क्षण. म्हणजे बंदच.

आता एवढंच बदला की अ आणि ब शेजारी आले की एकमेकांचा हात धरतात. पकड काही फार मोठी नाही, जोडी शंभरपट टिकाऊ होईल इतपत. चौथ्या ढिगातल्या एका बेदाण्याचे शंभर करा. बाकीच्या ढिगांना हात लावू नका. टेबलावर आता १९९ बेदाणे आहेत आणि त्यातले १०० चौथ्या ढिगात. एक टक्क्याचे पन्नास टक्के झाले, आणि अ किंवा ब यांची मात्रा आपण वाढवलीही नाही.

आणखी एक गंमत. पेशीत दोन्ही प्रथिनं निम्मी झाली तर ढीग ३२४, १८, १८ आणि १०० असे होतात. जोडी हजर असण्याची शक्यता पन्नासवरून बावीसच्या आसपास घसरते. दोन्ही दुप्पट केली तर सत्त्याहत्तरच्या घरात जाते. मधल्या पट्ट्यात थोड्या फरकाने कळ इकडची तिकडे होते. तीन-चार प्रथिनं हात धरणारी असली तर आणखी धारदार. ग्रामसभेचा कोरम जसा. पाच जण कमी असले तर ठराव पाच टक्क्यांनी कमी होतात असं नाही, सभाच तहकूब होते.

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच शरीरातलं, इंटरफेरॉन-बीटाचं जनुक. पेशीत विषाणू शिरला की ते चालू होतं. त्याच्या पुढ्यातल्या जेमतेम ५५ अक्षरांच्या पट्टीवर तीन वेगवेगळ्या घराण्यांची प्रथिनं खांद्याला खांदा लावून बसतात. ही घराणी दुसरीकडे, दुसऱ्या जनुकांवर, इतर कारणांनीही कामं करत असतात. पण ह्या पट्टीवर सगळी एकदम जमतात ती विषाणू आल्यावरच. टॉम मॅनियाटिस यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात हे उलगडलं. २००७ मध्ये ह्या जमावाची अणूंपर्यंतची रचना पुढे आली, तेव्हा कळलं की ही प्रथिनं एकमेकांना फारशी शिवतही नाहीत. एकाने बसताना डीएनएला जो बाक दिला, त्याने शेजाऱ्याची जागा घडते. म्हणजे डीएनए ही सभेतली सतरंजी नव्हे. तोही वाकतो, पिळतो, शेजाऱ्याला जागा करून देतो. कोरमात त्याचीही गणती करायची.

पायरी ७ : सुरुवातीच्या रेघेवरची मंडळी

इथे नावांचं जंजाळ आहे आणि परीक्षेपुरतं पाठ करण्यापलीकडे त्यात अडकू नये असं माझं मत. थोडक्यात एवढं. अनेक जनुकांच्या सुरुवातीला टी-ए-टी-ए अशी अक्षरं असतात; तिथे एक खोगिरासारखं प्रथिन बसतं आणि डीएनएला सुमारे ८० अंशांत वाकवतं. (पिळाच्या दोराला तुम्ही तसं वाकवून बघा, किती जोर लागतो.) त्या बाकावर मदतनीस येतात, मग बारा तुकड्यांचं आरएनए पॉलिमरेज-दोन, मग डीएनएचे पेड उकलणारं यंत्र. लांबवर बसलेली मंडळी आणि ही रेघेवरची मंडळी यांच्यामध्ये मेडिएटर नावाचा प्रथिनांचा मोठा गठ्ठा निरोप्या म्हणून उभा असतो. सगळं जमलं की पॉलिमरेज सुटतं आणि जनुकाची आरएनए नक्कल काढत जातं.

पायरी ८ : बागेतली बादली

आता सुतळी गुंडाळून ठेवा आणि बागेत चला. नाशिकचा प्रत्येक द्राक्ष बागायतदार बादलीत हात घालून जनुकांच्या कळा फिरवत असतो, फक्त त्याला तो 'जीए'चं (जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग म्हणतो, म्हणजे घड त्या पाण्यात बुडवणं.

एक ग्रॅम जिबरेलिक आम्ल शंभर लिटर पाण्यात म्हणजे दहा पीपीएम, दहा लाख भागांत दहा भाग. पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये. (प्रत्येक अवस्थेला किती पीपीएम हे तुमच्या सल्लागाराला विचारा, मी बायोलॉजीची बाई आहे.) बियांच्या द्राक्षात बिया स्वतः जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक, जीए त्यातलंच एक) बनवून मणी फुगवतात, सीडलेसमध्ये ती सोय नाही, म्हणून आपण बाहेरून देतो.

बादलीतल्या रेणूने पेशीत काय केलं? पेशीत डेला नावाची प्रथिनं असतात. वाढीची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना ती मिठी मारून बसतात आणि डीएनएपर्यंत पोहोचूच देत नाहीत. चिमट्याच्या तोंडात रबर कोंबून ठेवावं तसं. जिबरेलिन आलं की ते आपल्या ग्राहक प्रथिनात बसतं, ती जोडी डेलाला पकडते, त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी खूण लागते आणि पेशी त्याचा चुरा करते. रबर निघालं, चिमटा मोकळा, डीएनएवर जाऊन बसला, वाढ सुरू. गंमत म्हणजे जिबरेलिन डीएनएला कधीच शिवत नाही.

डेला मोडला गेला नाही तर काय होतं? हरितक्रांतीच्या नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हात जे बुटकेपण आहे ते अशाच न मोडणाऱ्या डेलाचं. १९९९ मध्ये हे जनुक ओळखलं गेलं. द्राक्षातही तसंच एक प्रकरण आहे. पिनो मूनिए जातीच्या वेलातल्या, असाच बिघडलेला डेला असलेल्या पेशींपासून वाढवलेली रोपं बुटकी निघाली, आणि त्यांच्यावर बाळ्यांच्या (वेल ज्यांनी आधार धरतो त्या ताण्यांच्या) जागी घड लागले. २००२ मध्ये हे जाहीर झालं. मी दिरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एप्रिलच्या खरडछाटणीनंतर जोर जास्त झाला की घड जिरतो आणि बाळी होते, ते उलटं करून दाखवलं म्हणा की." तेच. घड व्हायचं की बाळी, हा निवाडा उन्हाळ्यात वेलाच्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबाच्या, आत जनुकांपाशी कोण जमलं ह्यावर होतो. आपल्याला तो दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर.

पायरी ९ : दहा मीटर सुतळी

आता सोललेला मणी समोर घ्या, आणि दिरांचा प्रश्न.

सालीतला रंग म्हणजे अँथोसायनिन. तो तयार करायला जनुकांची एक साखळी लागते, आणि शेवटचं, रंग टिकाऊ करणारं एन्झाइम यूएफजीटी. हे जनुक थॉमसनमध्येही शाबूत आहे. त्याच्या पुढ्यात कोरम लागतो तिघांचा: एक मिब घराण्याचं प्रथिन, एक बीएचएलएच घराण्याचं, आणि तिसरं डब्ल्यूडी-४० नावाचं, जे स्वतः डीएनएला धरत नाही पण बाकीच्या दोघांना धरून ठेवतं. बीएचएलएच आणि डब्ल्यूडी-४० हिरव्या जातींतही असतात. गैरहजर असतो मिब.

का गैरहजर? सुतळीचा दीड मीटरचा तुकडा घ्या. त्याच्या उजव्या भागावर 'मिब-ए-१' अशी चिठ्ठी लावा, डाव्या भागावर चालू करणाऱ्या मंडळींचे चिमटे. आता दोन्हींच्या मध्ये, जनुकाच्या अगदी उंबऱ्यापाशी, सुतळी कापा आणि तिथे दहा मीटरचा नवा तुकडा गाठ मारून जोडा. मुलांना तो घेऊन व्हरांड्यात जावं लागतं. हा तुकडा म्हणजे ग्रेट-१, एक उडता डीएनए, दहा हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचा. कधीकाळी एका वेलात तो इथे येऊन घुसला आणि मिब-ए-१ ची कळ निकामी झाली. कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी हे २००४ मध्ये दाखवलं. शेजारीच मिब-ए-२ नावाचं जोडजनुक आहे, ते एरवी कामाला आलं असतं, पण हिरव्या जातींत त्याच्या अक्षरांतच बिघाड आहेत. दोन्ही संचांत दोघंही गेले की द्राक्ष हिरवं. एका संचात जरी चांगली प्रत राहिली तरी रंग येतो.

दिरांना मी सांगितलं ते एवढंच: तुमच्या थॉमसनमधला रंगाचा कारखाना मोडलेला नाही. यंत्रं सगळी जागेवर आहेत, भोंगा वाजवणारा माणूस नाही. काळ्या-लाल जातींत थंड रात्री रंग खुलतो आणि गरम रात्री फिका पडतो, हे तुम्हीही बघता. थंडी ह्या यंत्रांना मानवते. हिरव्या मण्यात थंडीत भोंगा नेमका कोण वाजवतो ते मला सांगता येत नाही, पण यंत्रंच नसती तर कितीही थंडी पडून एक मणी गुलाबी झाला नसता. त्यांनी घड उचलला, गुलाबी मण्यांपैकी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "चवीला काय फरक नाही. पण पेटीत चालत नाही."

व्हरांड्यातल्या मुलांना आत बोलवा, काम उरलंय. इटालिया नावाची एक हिरवी जात आहे. तिच्या वेलावर एकदा एका फांदीला लाल द्राक्षं आली, तीच पुढे रूबी ओकुयामा म्हणून वाढवली गेली. तिच्यात ग्रेट-१ मधला बराचसा भाग आपोआप गळून गेला होता. ग्रेट-१ च्या दोन्ही टोकांना सारखीच अक्षरं असतात. ती एकमेकांवर आली, जुळली, मधला भाग सुटून गेला आणि एकच टोक मागे राहिलं, सुमारे ८२४ अक्षरांचं. तेव्हा दहा मीटरच्या तुकड्याची दोन टोकं एकत्र आणा, मधला फेरा कात्रीने कापा आणि बाकी सुतळी पुन्हा गाठ मारून जोडा. मोजा. ब्याऐंशी सेंटीमीटरचा एक फाजील तुकडा तिथेच राहायला हवा. तो काढू नका. रूबी ओकुयामाच्या डीएनएत तो अजूनही आहे, आणि द्राक्ष लाल आहे.